नदीकाठच्या एकोणचाळीस चकत्या

पाणी तपासणी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून आलं की तिसऱ्या दाराआड, एक बाई अकरा वर्षं चकत्या लावत बसल्या होत्या. काकडीच्या नव्हे, नकाशावरच्या. दर महिन्याला दोनशे बारा गावांतून पाण्याच्या बाटल्या यायच्या, तळमजल्यावर तपासल्या जायच्या आणि त्यांचा तक्ता बाईंच्या टेबलावर येऊन पडायचा. बाई तो तक्ता आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायच्या आणि जिल्ह्याचा नकाशा काढायच्या. त्या नकाशावर गावाच्या जागी साधा ठिपका नसे. इवलंसं वर्तुळ असे, आणि त्याचे रंगीत वाटे पाडलेले असत. जेवढं पाणी चांगलं तेवढा भाग हिरवा, शंकेचं असेल तेवढा पिवळा, पिऊच नये असं तेवढा लाल. बाटल्या जास्त आल्या तर वर्तुळ मोठं. शाळेच्या पुस्तकात त्याला भारदस्त नाव आहे, पण कार्यालयाने 'चकती' म्हणून टाकलं आणि बाईंना 'चकतीबाई'. तोंडावर नुसतं बाई, पाठ वळली की चकतीबाई. बाईंना ते ठाऊक होतं, पण दर महिन्याला दोनशे बारा चकत्या लावणाऱ्या माणसाला रागवायला सवड कुठली?

बरं, हा उद्योग त्यांनी स्वतःच्या हाताने ओढवून घेतला होता. कार्यालयात आल्या तेव्हा त्या तीन-तीन महिन्यांच्या कंत्राटावर होत्या. मासिक बैठकीत चाळीस पानांचा तक्ता वाटला जाई आणि सहाव्या पानावर साहेबांच्या पापण्या मिटत. बाईंनी जेवणाच्या सुट्टीत, शब्दकोश मांडीवर घेऊन, सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं वाचून काढली आणि ठिपक्यांच्या जागी चकत्या कशा बसवायच्या ते शिकून घेतलं. पहिल्या खेपेला अक्षांश-रेखांशाचे रकाने उलटे पडले आणि अख्खा जिल्हा समुद्रात जाऊन बसला. दुसऱ्या खेपेला चकत्या एवढ्या मोठ्या झाल्या की जिल्हाच दिसेना. तिसऱ्या खेपेला मात्र पडद्यावर असा नकाशा उमटला की साहेब खुर्चीत सरळ झाले. "हे कुणी केलं?" सगळ्या माना दाराजवळच्या खुर्चीकडे वळल्या. वर्षाच्या आत बाई कायम झाल्या. त्याच कार्यालयात, त्याच टेबलावर.

नवऱ्याचं गाव तिथून बसने सहा तासांवर. त्याचा कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि दोन लेथ मशीनं. ती काही पिशवीत घालून आणता येण्यासारखी नव्हती. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. "दोन वर्षं काढ, मग बदली माग," असं सगळ्यांनीच सांगितलं. सांगणाऱ्यांचं काय जातं! बाईंनी एका निवृत्त नर्सबाईंच्या घरातली मागची खोली भाड्याने घेतली. खोलीला एक खिडकी होती आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. दर दुसऱ्या शनिवारी बस धरायची, रविवारी परत फिरायचं.

दोन वर्षांनी त्यांनी बदलीचा अर्ज केला. साहेब म्हणाले, "तुम्ही गेलात तर नकाशा कोण काढणार?" पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तेच उत्तर. ते साहेब बदलून गेले, दुसरे आले, तेही बदलून जाऊन तिसरे आले, शिपाई गेला, एकदा तर भिंतीवरचं घड्याळसुद्धा दुसऱ्या कार्यालयात गेलं. बाई जागच्या जागी. चौथीत असताना मुलीचा हात मोडला तेव्हा बैठक दुसऱ्या दिवसावर आली होती. बाई तिसऱ्या दिवशी पोचल्या. प्लास्टरवर सगळ्या वर्गाने सह्या ठोकल्या होत्या. मुलीने हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "आई, तुझ्यासाठी जागाच नाही राहिली गं." ते वाक्य बाईंच्या मनात घर करून बसलं होतं.

आणि या सगळ्यात एक गोष्ट अशी होती की ती बाईंनी कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्यालासुद्धा नाही.

नकाशावर एक नदी होती आणि नदीकाठी एकोणचाळीस गावं, एकमेकांना अगदी खेटून. तिथे चकत्या ठेवल्या की त्या एकीवर एक चढत, एकीचंही तोंड धड दिसत नसे. म्हणून प्रत्येक चकती बाजूच्या मोकळ्या जागेत सरकवायची आणि केसाएवढ्या बारीक रेघेने तिला आपल्या गावाच्या ठिपक्याशी जोडायची. हे सॉफ्टवेअर आपण होऊन करत नाही. कुठली किती सरकवायची ते माणसानेच ठरवून लिहून द्यावं लागतं. बाईंनी पंधरा दिवस डोळे फोडून ते ठरवलं होतं. त्याच सुमाराला संगणक विभागाचा एक हुशार गृहस्थ येऊन म्हणाला, "बाई, तुमचा तो प्रोग्राम जरा कॉपी करून द्या." कंत्राट संपायला तेव्हा नऊ दिवस उरले होते. प्रोग्राम दिला की आपली गरज संपली, हे बाईंना कळलं. त्यांनी त्या रात्री घरी नेलेल्या लॅपटॉपवर त्या भागातली गावांची नावंच काढून टाकली. नावांऐवजी नुसते क्रमांक ठेवले: पहिली चकती इथे, दुसरी तिथे, अशा एकोणचाळीस. कितवं गाव कुठलं, हे बाटल्या आणणाऱ्या गाडीच्या फेरीवर ठरायचं. नदीच्या उगमाकडून खाली. तक्त्यात गावं त्याच क्रमाने असली तरच प्रत्येक चकती आपल्या ठिपक्याला चिकटणार. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्या गृहस्थाने ते आकड्यांचं रान पाहिलं, डोकं खाजवलं आणि तो निघून गेला. आपण नोकरीला आतून कडी लावली, असं बाईंना वाटलं. कडी अशी घट्ट बसली की पुढे त्यांची त्यांनाच निघेना. मागाहून दुरुस्त करता आलं नसतं असं नाही, पण दुरुस्त करायचं म्हणजे आधी कबूल करायचं, आणि दरवर्षी ते कबूल करणं थोडं जास्तच जड होत गेलं.

यंदा गोष्ट वेगळी होती. मुलगी सतरा वर्षांची झाली होती आणि शाळा संपली होती. तिने दोन अर्ज आणून ठेवले होते; एक गावातल्याच कॉलेजचा, एक लांबच्या शहरातला, वसतिगृहाचा. "आई, तू घरी येणार असशील तर मी इथलं कॉलेज घेते," ती फोनवर म्हणाली होती. "तीन वर्षं तरी एका घरात राहू. नाहीतर मग बाबा कारखान्यात, मी एकटी भिंतींशी बोलू का?" बदल्यांची यादी वर्षातून एकदाच निघायची. म्हणजे यंदा नाही तर मग घरी जाऊन तरी काय उपयोग, असं झालं होतं.

बाई साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून बोलल्या. साहेब गडबडले. "असं करा," ते म्हणाले, "एक माणूस तयार करा. या महिन्याचा नकाशा तो काढील. तुम्ही त्या दिवशी रजेवर, घरी. नकाशा नीट झाला तर त्याच दिवशी पाच वाजता यादी जाते, तुमचं नाव मी स्वतः घालतो."

माणूस मिळाला तो आवक-जावकचे काका. निवृत्तीला चौदा महिने. सगळी हयात पत्रांवर शिक्के मारण्यात गेलेली. निदान एक काम असं करावं की लोक बोट दाखवून म्हणतील, हे काकांनी केलं, एवढीच त्यांची हौस. काकांनी नवी वही काढली आणि बाई सांगतील ते मोत्यासारख्या अक्षरात उतरवलं. महिनाभर दोघं रोज तासभर बसत. काकांनी तीनदा नकाशा काढून दाखवला, तीनही वेळा बिनचूक. बाईंनी सगळं शिकवलं. त्या एकोणचाळिसांच्या क्रमाची गोष्ट तेवढी आज सांगू, उद्या सांगू करत शेवटच्या दिवसावर ठेवली, आणि शेवटच्या दिवशी काका त्यांच्यासाठी कुंडीतलं रोप घेऊन आले. "बाई, तुमच्यासारखा सरळ माणूस मी या कार्यालयात पाहिला नाही," ते म्हणाले. झालं, ती गोष्ट बाईंनी तशीच मनात ठेवली. तक्ता तर तळमजल्यावरून ठरल्या क्रमानेच येतो, काका नुसते आकडे भरतील, बिघडायचं काय त्यात, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

बैठकीच्या दिवशी सकाळी बाई नवऱ्याच्या घरी होत्या. बाईंचंही घर म्हणायचं, पण साखरेचा डबा कुठल्या फळीवर असतो ते विचारावं लागलं. न्हाणीघरात नवा, कडक घडीचा टॉवेल ठेवला होता. घरच्या दोघांचे जुने, मऊ टॉवेल दोरीवर होते. नवऱ्याने मात्र खोलीचा एक कोपरा रिकामा केला होता. "इथे तुझं टेबल येईल," तो म्हणाला. "पाय मी लेथवर काढतो, लाकूड सुताराकडे सांगून ठेवलंय."

पावणेएकला फोन वाजला. काकांनी नकाशाचा फोटो पाठवला होता आणि पाठोपाठ त्यांचा आवाज. "बाई, जमलं! साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, वा काका! तुमची फाईल टेबलावर आहे हो, पाचला सही!"

मुलीने टाळ्या पिटल्या. लगेच गावातल्या कॉलेजचा अर्ज पुढे ओढून ती भरायलाच बसली. नवऱ्याने शेडमध्ये जाऊन मशीन बंद केलं. भरदिवसा मशीन बंद केलेलं बाईंनी त्या घरात पहिल्यांदा पाहिलं.

मग कौतुकाने त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. नदी शोधली. आपली एकोणचाळीस माणसं कशी आहेत ते पाहावं म्हणून उगमापासून खाली येऊ लागल्या. उगमाजवळ डोंगरातलं गाव, अकरा वर्षांत कधी पिवळी किनारसुद्धा न आलेलं. ते लाल होतं. त्याच्याखालचं अर्धं लाल. बाई झपाझप खाली आल्या. शेवटच्या वळणावर, कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या पलीकडे, एक गाव होतं. तिथल्या बाटलीचं झाकण काढण्याआधी तळमजल्यावरचा तपासनीस खिडकी उघडायचा. ते गाव हिरवंगार होतं.

वर लाल आणि खाली हिरवं. नदी उलटी वाहायला लागली की काय!

त्यांनी काकांना फोन लावला. "काका, नदीकाठच्या यादीचा क्रम बदललात का?"

"बदलला म्हणजे..." काकांचा आवाज अजून हसरा होता. "अकारविल्हे लावली. फारच विस्कटलेली होती हो ती. म्हटलं, बाई चालल्याच आहेत तर त्यांच्या मागे सगळं नीटनेटकं असावं. दिसतंय ना छान?"

काका तरी काय करणार? चाळीस वर्षं नोंदवही सांभाळणारा माणूस; यादी अकारविल्हे नसली तर त्याला जेवण जात नसे. आणि नकाशा खरंच छान दिसत होता. एकोणचाळीस चकत्या नीट मांडलेल्या, प्रत्येकीची रेघ व्यवस्थित एकेका ठिपक्याला जोडलेली. फक्त जवळजवळ प्रत्येक गावाला दुसऱ्याच गावाचं पाणी मिळालं होतं. सगळी लहान गावं, सगळ्या चकत्या एका मापाच्या, नावं लिहायला तिथे जागा नाही. बैठकीतल्या एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं आणि येणारही नव्हतं.

"बैठकीत ठरलं काय?" बाईंनी विचारलं.

"वळणावरच्या चार गावांचे टँकर उद्यापासून बंद. पाणी सुधारलंय ना तिथलं! ते टँकर आता वर डोंगरात जाणार."

बाई फोन घेऊन मागच्या दारी गेल्या आणि धुण्याच्या दगडावर बसल्या. थोड्या वेळाने नवरा हात पुसत आला. बाईंनी त्याला सगळं सांगितलं, अकरा वर्षांपूर्वीच्या त्या नऊ दिवसांसकट. सांगताना त्या त्याच्याकडे पाहत नव्हत्या.

तो हाताला वंगण लागलेलं नसतानाही हात पुसत राहिला. मग म्हणाला, "कुणाच्या लक्षात आलंय?"

"नाही."

"पुढच्या महिन्यात येईल?"

"कदाचित."

"मग पाच वाजेपर्यंत..." एवढं बोलून तो थांबला.

"महिनाभर लोक ते पाणी पितील हो," बाई म्हणाल्या. "मी ती बाटली पाहिलीय. मी ते गाव कधी पाहिलं नाही, पण बाटली पाहिलीय."

खरं सांगायचं तर बाईंनी त्या दगडावर सगळे हिशोब करून पाहिले. उद्या सकाळी सांगू, सही झाल्यावर. पण टँकर सकाळीच थांबणार होते, आणि आदेश एकदा फिरले की ते उलटे फिरवायला किती दिवस लागतात ते बाईंना पाठ होतं. काकांना गुपचूप दुरुस्त करायला सांगू. पण चाळीस लोकांनी पाहिलेला नकाशा गुपचूप बदलत नाही, आणि बदललाच तर निवृत्तीला चौदा महिने उरले असताना काकांच्या नावाला डाग लागणार. खोलीतून मुलीच्या पेनाचा आवाज येत होता. ती काहीतरी गुणगुणतही होती. बाईंना वाटलं, हे घर उचलावं आणि या फोनपासून लांब कुठेतरी नेऊन ठेवावं. मग त्यांनी साहेबांचा नंबर लावला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. टँकरचा आदेश त्यांनी फोनवर असतानाच थांबवला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मग ते म्हणाले, "या काकांना मी..."

"काकांची काही चूक नाही," बाई म्हणाल्या. "खोड माझी आहे. मी मुद्दाम तसं करून ठेवलं होतं. कंत्राटाच्या काळात. माझ्याशिवाय कुणाला जमू नये म्हणून."

बाईंना वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. साहेब हसले.

"म्हणजे बाई, तुम्ही स्वतःच सिद्ध केलंत की तुमच्याशिवाय होत नाही!"

"साहेब, तो एक तक्ता मी दोन तासांत नीट करते. गावांची नावं घालते. मग कुणीही काढील, काकासुद्धा काढतील. इथून करून पाठवते, पाचच्या आत."

"ही एक खोड आज कळली. आणखी किती आहेत ते मला कसं कळणार?"

"नाहीत, साहेब. शपथ."

"अकरा वर्षं ही होती, तेव्हाही तुम्ही नाहीच म्हणाला असतात." साहेबांचा आवाज मुळीच कठोर नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मी तुमच्यावर कारवाई करत नाही. चांगल्या बाई आहात तुम्ही. पण इथून पुढे तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय नकाशा बाहेर पडायचा नाही. संध्याकाळच्या बसने निघा. उद्या सकाळी दुरुस्त नकाशा हवा."

फोन ठेवून बाई आत आल्या. काही सांगावं लागलं नाही; मागचं दार उघडंच होतं. मुलीने भरत आणलेला अर्ज बंद करून पेनाखाली ठेवला होता. ती रडली नाही, रागावलीही नाही. बाईंना दोन्ही चाललं असतं.

"त्या चार गावांना टँकर मिळणार ना पण?" तिने विचारलं.

"मिळणार."

"मग बरोबर केलंस." ती उठली, कपाटावरून प्लास्टिकच्या पिशवीतला दुसरा अर्ज काढला आणि पुन्हा टेबलाशी बसली. उद्या शेवटची तारीख होती. नवरा चहा टाकायला गेला. शेडमधलं मशीन बंदच होतं.

बाईंनी पिशवी भरली. नवा टॉवेल होता तसा घडी घालून न्हाणीघरात ठेवला. बसला अजून तास होता. रिकाम्या कोपऱ्याकडे बघायचं टाळून त्या मुलीशेजारी येऊन बसल्या.

"इथे पालकांची सही लागते," मुलीने अर्ज पुढे सरकवला. "बाबांची घेतली. तुझ्यासाठी जागा आहे, ही बघ."

बाईंनी पेन घेतलं आणि सवयीने, सही करण्याआधी, सगळे रकाने वरपासून तपासले. नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. वडिलांचा कायमचा पत्ता: हे घर. त्याखाली आईच्या कायमच्या पत्त्याचा रकाना होता. मुलीने तो कुणाला न विचारता, सुबक अक्षरात भरून टाकला होता: पाणी तपासणी कार्यालय, दुसरा मजला, तिसरं दार.

"काही चुकलंय का?" मुलीने विचारलं.

बाईंनी तो रकाना पुन्हा एकदा वाचला. "नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.